मी जागी होते

माझ्या आजाराचं पहिलं निदान मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, पण ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं. पलंगाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला, माझ्या अंगावरून, ते माझ्या नवऱ्याला सांगितलं जात होतं.

"मेंदूकडून काहीच प्रतिसाद नाहीये," एक तरुण आवाज म्हणाला. "डोळ्यांवर प्रकाश टाकून पाहिला, घशातली नळी हलवून पाहिली, जोरात चिमटा काढला. काही नाही. शेवटचं असं आत्ताच सांगत नाही, पण मनाची तयारी ठेवा."

चिमटा मला कळला होता. नळी हलवली तेव्हा जीव नकोसा झाला होता. पापणी वर करून टॉर्च मारला तेव्हा पांढऱ्या उजेडाच्या मागे मला एक चष्माही दिसला होता. मी ओरडले होते, मान झटकली होती, त्यांचा हात ढकलून दिला होता. निदान मला तसं वाटलं होतं. प्रत्यक्षात माझी बाहुलीसुद्धा हलली नव्हती.

संजय, माझा नवरा, फक्त "बरं" म्हणाला. त्याच्या रबरी चपलांचा आवाज दूर गेला आणि मी आत एकटी राहिले.

हे मी लिहितेय ते अशा अवस्थेत सापडलेल्यांसाठी. त्याहून जास्त, त्यांच्या पलंगाशेजारी उभं राहणाऱ्यांसाठी.

मी नीलम. कॉटन ग्रीनला राहते. घरीच ब्लाउज शिवते. संजय रे रोडला एका लाकडाच्या वखारीत कामाला आहे, मुलगी मुक्ता कॉलेजात आहे आणि सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या मालवणकडच्या. मुंबईत पन्नासेक वर्षं काढली, पण बोलणं अजून गावचंच.

सुरुवात अगदीच किरकोळ झाली. पोट बिघडलं होतं, ते दोनचार दिवसांत थांबलं. पुढच्या आठवड्यात मशीनवर बसले, तर पायाखालचं पॅडल कापसाचं झाल्यासारखं लागायला लागलं. पाय मारतेय, पण पॅडलला लागतोय की हवेत आहे, ते कळेना. तळव्यांना मुंग्या. चालताना डाव्या पायातली चप्पल मागेच राहायची.

"मुक्ता, माझा पाय झोपलाय गं," एवढंच मी बोलले.

"बसून बसून होतं ते मम्मी, जरा फिरून ये ना," ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री धरवेना. बोटं कात्रीच्या कड्यांतून घसरत होती. दुपारी चहा पिताना तो नाकातून बाहेर आला. बोलायला गेले तर आवाज गेंगाणा. उठून ओट्यापाशी जायला निघाले आणि गुडघे अंगाखालून निघून गेले. फरशीवर पडल्यावर कळलं की श्वास अर्ध्यावरच थांबतोय. छाती वर येतच नव्हती.

शेजाऱ्यांनी उचलून टॅक्सीत घातलं. मला परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेत होते. लालबागचा पूल मी मागच्या काचेतून उलटा पाहिला. त्यानंतरचं आठवत नाही. हॉस्पिटलच्या दारात श्वास थांबला होता, असं पुढे कळलं. डॉक्टरांनी नळी घालून तो परत सुरू केला. पण मधली काही मिनिटं मेंदूला हवा मिळाली नसणार, असं त्यांना वाटलं. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मुंग्यांचं, पॅडलचं, कात्रीचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. घरच्यांनी मला फक्त पडताना पाहिलं होतं.

मग मी जागी झाले. कुठे, ते कळेना.

काळोख होता, पण मिटलेल्या डोळ्यांचा असतो तसला नव्हता. डोळे उघडायचे असतात ही गोष्टच अंगातून निघून गेल्यासारखी वाटत होती. कुठेतरी जवळच एक मशीन चालत होतं. फुस्स, खट. फुस्स, खट. दर फुस्सला माझी छाती वर यायची. मी श्वास घेत नव्हते, तो माझ्या आत घातला जात होता. थोडं थांबावं म्हटलं तरी थांबता येत नव्हतं. त्याला व्हेंटिलेटर म्हणतात, श्वास देणारं यंत्र. बाहेरून ते जीव वाचवणारं वाटतं आणि ते तसंच आहे. आतून मात्र वाटत होतं की दुसरंच कोणीतरी माझं शरीर वापरतंय.

आयसीयूत सकाळ नाही, संध्याकाळ नाही. ड्यूटी बदलली की सिस्टरांच्या बांगड्यांचे आणि चपलांचे आवाज बदलायचे, त्यावरून मी दिवस मोजायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला.

शेजारच्या पलंगावर एक बाई होत्या. त्यांचा चेहरा मी कधीच पाहिला नाही, पण त्यांच्या मुलाचा आवाज मला पाठ झाला. त्यालाही तोच तरुण आवाज तेच शब्द सांगत असे. प्रतिसाद नाही. तयारी ठेवा. एकदा पडद्याच्या कड्या सर्रकन सरकल्या. बरीच माणसं हलक्या आवाजात बोलली. चाकं फिरली. मग तिकडचं मशीन बंद झालं आणि माझंच तेवढं राहिलं. फुस्स, खट.

त्या बाईसुद्धा ऐकत होत्या का? हा प्रश्न मला तिथे पडला आणि मी तो डोक्यातून ढकलायला लागले. अंगाला हात नसला की डोक्यातलं काही बाजूला सारताही येत नाही.

त्यानंतर एक मापं घेणारा यायला लागला.

आता डॉक्टर सांगतात की तो डिलिरियम होता, म्हणजे आजारपणात आणि औषधांमुळे होणारा भ्रम. आयसीयूत पुष्कळांना होतो. मलाही पटतं. पण तेव्हा तो शेजारच्या मुलाच्या आवाजाइतकाच खरा होता. तो पायांकडून यायचा. आधी घोट्यापाशी गार टेप लागायची. मग पोटरी, मांडी, कंबर. तो माझी मापं घ्यायचा आणि हळू आवाजात कोणाला तरी सांगायचा. मी आयुष्यभर बायकांची मापं घेतलीत. कुठलं माप कशासाठी, ते मला कळतं. त्याची मापं मला कळत नव्हती. त्याने खांदा कधी मापला नाही, दंड मापला नाही. एकदा पलीकडून कोणीतरी विचारलं, "बाह्या?" आणि तो म्हणाला, "नकोत."

मी देवाचा धावा सुरू केला तो तिथून.

मी काही मोठी भाविक नव्हते. देव्हाऱ्यात दिवा लावायचा, गणपतीत दीड दिवस घर भरून टाकायचं, गावच्या रवळनाथाला वर्षातून एकदा नारळ पाठवायचा. अडलं नडलं की नवस बोलायचा. तशीच मी आतही नवस बोलायला लागले. देवा, एक बोट हलू दे. पायी येईन. देवा, नुसती पापणी. सोमवार करीन. तुला शेला पांघरवीन, मी स्वतः शिवलेलं मखर...

आणि एका क्षणी माझ्या लक्षात आलं की मी जे जे कबूल करत होते, त्यातलं काहीच माझ्याकडे उरलेलं नाही. पायी जायला पाय नाहीत. शिवायला हात नाहीत. जपाला ओठ नाहीत. हात जोडायचे म्हटले तर दोन हात अंगाच्या दोन बाजूंना दुसऱ्याच्या सामानासारखे पडलेले. देवाला द्यावं असं हातात काही नसलेलं माणूस देवाशी बोलतं कसं, ते मला ठाऊक नव्हतं.

मग मी भांडले. तू आहेस ना? मग दिसत नाही तुला? एवढी माणसं येतात नि जातात, एकाच्याही कानात सांगता येत नाही? फुस्स, खट. फक्त मशीन.

घरच्यांना एकेकाला थोडा वेळ आत सोडत. संजय यायचा, पायाशी उभा राहायचा. त्याचा श्वास मला ऐकू यायचा. माझ्या पायाला हात लावायचा आणि तसाच जायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्याला कधी न बोलता उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

मुक्ता आली तेव्हा माझ्या आयुष्यातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट घडली. ती स्टुलावर बसली, नाक ओढलं. थोड्या वेळाने माझ्या उशीजवळून माझाच आवाज आला.

"मुक्ते, येताना दही घेऊन ये गं. आणि लवकर ये, उगाच दादरला टंगळमंगळ करत बसू नकोस."

तिने मोबाईलवर माझा जुना व्हॉईस मेसेज लावला होता. तिने तो परत लावला. परत. माझा आवाज मजेत होता, घाईत होता, मागे कुकरची शिट्टी होती. तो आवाज पलंगाच्या बाहेर मोकळा फिरत होता आणि मी इथे. मला वाटलं, ती जी बाहेर बोलतेय तीच नीलम. मग ही आत ऐकतेय ती कोण?

त्या दिवशी पहिल्यांदाच मी देवाकडे काही मागितलं नाही. नुसतं विचारलं, मी आहे ना रे?

सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, पण लिफ्टने त्या यायच्या. बाकीच्यांसारख्या त्या कुजबुजत नसत. बाजारात बोलतात तशा खणखणीत आवाजात बोलायच्या. डाळीचे भाव, खालच्या मजल्यावरचं भांडण, संजयचं न जेवणं. सिस्टर म्हणायच्या, "आजी, हळू." त्या तेवढ्यापुरत्या हळू व्हायच्या.

एकदा त्या म्हणाल्या, "गो नीलम, आयक. तू उठल्याशिवाय मी भात खावचंय नाय. देवाक सांगून ठेवलंय."

ज्यांना मालवणी माणूस माहीत आहे त्यांना कळेल की हे किती मोठं आहे. सासूबाईंचं जेवण म्हणजे भात आणि माशाचं सार. पोळीला त्या आजारी माणसाचं अन्न म्हणतात.

मग एके दिवशी त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे संकटात देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण देवापुढे उभा राहून मोठ्याने मागणं मागतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. ते घालायचं पुरुषांनी, देवळात किंवा घरच्या देवापुढे. बाईमाणसाने आयसीयूत घातलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा," त्या म्हणाल्या. या वेळी आवाज अगदी बारीक होता, माझ्या कानाशी. "ह्या तुझ्या लेकराक जी काय पीडा झाली आसा ती तू जाणतंस."

साथ द्यायला कोणी नव्हतं. त्या थांबल्या.

व्हय म्हाराजा, मी आतून म्हटलं.

"तिका वाचा नाय, तिका हात नाय. तिच्या वतीन मी गाऱ्हाणा घालतंय."

व्हय म्हाराजा.

"खंयसून तरी वाट दाखव रे म्हाराजा."

व्हय म्हाराजा.

प्रत्येक ओळीनंतर त्या बरोबर तेवढाच वेळ थांबत होत्या. जणू माझं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचत होतं. माझ्या अंगावर काटा आला. अंगावर नाही, पण जिथे कुठे मी उरले होते तिथे आला. मापं घेणारा त्या वेळी पायाशी होता. तो उठला आणि टेप गुंडाळत बसला. गेला नाही. पण त्याने परत मला हात लावला नाही.

त्यानंतर मी मागायचं सोडलं. हरले म्हणून नव्हे. मला एवढंच उमगलं की देवाला मी इथे आहे हे सांगावं लागत नाही. बाकी सगळ्यांना सांगायचं होतं, आणि तेच जमत नव्हतं. एकाला आधीच माहीत होतं. पुढे काय व्हायचं ते त्याच्याकडे. विश्वास म्हणतात तो मी आधी कधी ठेवला नव्हता. मी ठेवायचे ती अपेक्षा. हात पाय गेल्यावर अपेक्षाही गेली आणि खाली जे लागलं त्यावर मी पडून राहिले. भीती होतीच. ती शेवटपर्यंत होती. पण तिच्याखाली तळ होता.

डॉक्टर दिघे बाई आल्या त्या वेगळ्याच कामाने. त्या न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टर. माझ्या बाबतीत शेवटचं काही ठरवण्याआधी आयसीयूच्या डॉक्टरांनीच त्यांना बोलावलं होतं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली, कोपरावर मारली. मग घरच्या सगळ्यांना आत बोलावून विचारलं, "पडण्याआधी काही तक्रार होती? काहीही. आठवून सांगा."

"नाही, चांगली होती," संजय म्हणाला.

"ती आयकता, डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "तिची सगळी माणसां हंय आसत. ती जातली खंय?"

मग मुक्ता रडक्या आवाजात म्हणाली, "पाय झोपलाय म्हणाली होती. आणि तिची चप्पल सारखी निघत होती. मी म्हटलं फिरून ये."

"पाय कधी झोपला होता?"

"आदल्या दिवशी."

"त्याआधी ताप? जुलाब?"

"पोट बिघडलेलं, त्याच्या आठवडाभर आधी."

हातोडी खिशात टाकल्याचा आवाज आला. "मला ई.ई.जी. हवाय. आत्ता," त्या म्हणाल्या.

ई.ई.जी. म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेचा काढलेला आलेख. माझ्या केसांतून बोटं फिरली, थंडगार काहीतरी लावलं गेलं. मला वाटलं, झालं, आता मशीन बंद करण्याची तयारी. मी देवाला म्हटलं, बघ बाबा.

बराच वेळ नुसतं यंत्राचं बारीक गुणगुणणं. मग डॉक्टर दिघे कोणाला तरी म्हणाल्या, "तिला काहीतरी बोला. ओळखीचं."

"मम्मी," मुक्ता म्हणाली. पुढे तिला बोलवेना.

"परत बोल."

"मम्मी, मी दही आणलेलं तेव्हा. तू विचारलं नाहीस ना. आणलेलं."

मग कोणीतरी माझ्या कानाजवळ वाकलं. लवंगेचा वास आला.

"नीलमताई," डॉक्टर दिघे म्हणाल्या, "मी डॉक्टर दिघे. तुमचा मेंदू जागा आहे. तुम्ही ऐकताय. मला आता माहीत आहे."

त्या पुढे बोलत होत्या, पण ते सगळं मला कळलं नाही. आत मी रडत होते. बाहेर एक थेंबही आला नसणार.

मला झाला होता गुलेन बॅरी सिंड्रोम, थोडक्यात जी.बी.एस. आपल्या शरीरात रोगांशी लढणारी यंत्रणा असते. पोटातल्या जंतूंशी लढता लढता माझी यंत्रणा माझ्याच नसांवर उलटली. नसांवरचं आवरण खराब झालं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचेना. बहुतेकांना हा आजार पायांपर्यंत किंवा हातांपर्यंत येऊन थांबतो. माझ्या बाबतीत पापणीपर्यंत, बाहुलीपर्यंत गेला. असा तो फार क्वचित दिसतो, आणि तेव्हा बाहेरून माणूस गेल्यासारखंच वाटतं.

पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं, नसांना विजेचे बारीक झटके देऊन पाहिले. प्लाझ्मा एक्स्चेंज सुरू झालं, म्हणजे रक्तातला पातळ भाग काढून त्यातली नसांवर हल्ला करणारी द्रव्यं दूर करायची. गळ्याला छिद्र पाडून नळी तिथे हलवली. त्याला ट्रेकिओस्टॉमी म्हणतात. ऐकायला भयंकर, पण घसा सुटला.

आयसीयूचे ते तरुण डॉक्टर एकदा एकटे येऊन उभे राहिले. "मी तुमच्यासमोर जे बोललो, ते तुम्ही ऐकलं असेल," ते म्हणाले. त्या दिवसापासून सुई टोचण्याआधी ते मला सांगायला लागले. "आता थोडं दुखेल." तेवढ्यानेच मी परत माणसात आल्यासारखी झाले.

डॉक्टर दिघेंनी खोटी आशा दिली नाही. "नसा हळू वाढतात," त्या म्हणाल्या. "किती परत येईल ते मी सांगू शकत नाही. महिने लागतील."

महिने लागलेच. त्यातले पहिले पुष्कळ दिवस काहीच बदललं नाही. आता सगळ्यांना माहीत होतं मी आत आहे, तरी मी आतच होते. मापं घेणाराही अधूनमधून लांब कोपऱ्यात बसलेला जाणवायचा. मी त्याच्याकडे लक्ष न देता पडून राहायला शिकले.

मग डावी भुवई हलली. मला कळलं नाही, सिस्टरांनी पाहिलं. तिथून पापण्या. पापणी एकदा मिटली की हो. मुक्ता कागदावर अक्षरं लिहून घेऊन आली आणि बोट फिरवत एकेक म्हणायला लागली. माझं अक्षर आलं की मी पापणी मिटायची.

"क? ख? ग?" असं करत ती भ वर आली. मी डोळे मिटले. मग काना. मग त.

"भात?" मुक्ता म्हणाली. "मम्मी, तुला भात हवाय? नळीतून देतात गं, भात नाही देत."

मी डोळे उघडे ठेवले. नाही. परत अक्षरं. आ. जी.

मुक्ताचं बोट थांबलं. तिने वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्या दाराशी उभ्या होत्या.

"आजी," ती म्हणाली, "मम्मी म्हणते, भात खा."

सासूबाई तिथल्या तिथे खाली बसल्या. लादीवर. संजयने त्यांना उठवायला हात दिला आणि तोही शेजारी बसला. सिस्टर ओरडल्या, आयसीयूत असं बसायचं नसतं म्हणून, पण त्यांनीही कोणाला उठवलं नाही.

यंत्र सुटलं, मग बसायला शिकले, मग उभं राहायला. घरी आल्यावर मी सासूबाईंना एकदा विचारलं. "आई, तुम्हाला कसं कळलं होतं, मी ऐकतेय ते?"

त्या कुळीथ निवडत होत्या. "माका खंय ठावक होता?" त्या म्हणाल्या. "मी आपला बोलत होतंय. माका वाटला, देवाक माहीत आसतला. मग आपण कशाक गप रवाचा?"

"आणि मी खरंच नसते तर?"

"तर देवान आयकला असता," त्या म्हणाल्या आणि खडा उचलून बाजूला टाकला.

मी अजून काठी घेऊन चालते. बोटांना आणि पावलांना थंडगरम नीट कळत नाही. मशीनला मोटर बसवलीय, पायाने मारायची गरज नाही. ब्लाउज शिवते, पूर्वीपेक्षा सावकाश. बायकांची मापं घेताना टेप अंगाला लावण्याआधी मी सांगते, आता दंडाचं घेते हं. त्या हसतात.

मध्यंतरी डॉक्टर दिघेंचा फोन आला. त्यांच्या दुसऱ्या एका हॉस्पिटलात एक गृहस्थ असेच पडले होते. जी.बी.एस., अगदी माझ्यासारखा. ई.ई.जी.त मेंदू जागा दिसत होता. "घरचे आत यायला घाबरतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही याल का?"

मी गेले. आयसीयूचं दार उघडलं आणि तो आवाज कानावर आला. फुस्स, खट. मी काठी दोन्ही हातांनी धरली. पायाकडच्या कोपऱ्यात मी आधी नजर टाकली. तिथे कोणी नव्हतं. सलाईनचा रिकामा स्टँड होता.

गृहस्थ साठीचे असतील. डोळ्यांवर ओला कापूस. मी कानाजवळ वाकले.

"दादा, मी नीलम. मीही अशीच पडले होते. तुम्ही ऐकताय हे मला माहीत आहे. इथे जे काही दिसतं, जे अंगाला लागतं, ते आजारामुळे. ते निघून जातं. तुम्ही बरे व्हाल असं मी सांगत नाही, मला ते ठाऊक नाही. पण तुम्ही आहात, हे माहीत असणारा एकजण तुमच्याजवळ आहे. त्याला हाक मारावी लागत नाही. आणि आता मलाही माहीत आहे."

काही झालं नाही. छाती वर आली, खाली गेली. मी त्यांच्या हातावर हात ठेवून उभी राहिले. माझ्या बोटांना फारसं कळत नाही, त्यांच्या हाताला हलवता येत नव्हतं. पण माझा हात बराच वेळ तसाच राहिला.

बाहेर बाकावर त्यांची बायको बसली होती. पदराचं टोक मुठीत घट्ट.

"उठतील का हो?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण ते ऐकतायत. तुम्ही आत जा."

"काय बोलू? मला काही सुचत नाही. डोळ्यांत पाणी येतं."

"देवाचं काही बोललात तरी चालेल. घरातलं बोललात तरी चालेल."

ती उठली. दारात थांबली, देवळात शिरताना थांबतात तशी, आणि चपला काढायला लागली. मी म्हटलं, राहू द्या. ती तशीच अनवाणी आत गेली. दार हळूहळू मिटत होतं. त्या फटीतून मला तिचा आवाज आला, आधी चाचरत, मग जरा मोठा.

"अहो, मी आलेय. ऐकताय ना? नळ दुरुस्त झाला एकदाचा."